बाणाच्या दिशेनं

सोम, बुध, शुक्र. पहाटे साडेपाचची पाळी.
इपोहच्या जुन्या बाजारामागे, टायरच्या दुकानावरचा मजला,
चार खुर्च्या, चार यंत्रं, ब्लीचचा वास.
मी सुया टोचते, नळ्या जोडते.
मग चार तास
माणसांचं रक्त बाहेर पडतं, धुऊन निघतं,
आपापल्या घरी परततं.

पहिल्या खुर्चीत पाक हमदान.
डावा हात यंत्राच्या स्वाधीन,
उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतो,
तेहतीस, परत तेहतीस, परत.
डॉक्टरांनी रोजे बंद केलेत.
तर हा बर्फाचा खडा जिभेवर ठेवतो
आणि विरघळेपर्यंत गिळत नाही.
त्याचा हिशेब तो आणि अल्ला बघून घेतील.

दुसरीत लिओंग बाई, पूर्वी पावाची भट्टी चालवायच्या.
चणे घोळवावेत तसं
अमिताभाचं नाव तोंडात घोळवतात,
मधूनच थांबून मला विचारतात, जेवलीस का.

तिसरीत डी रोझारियो मास्तर, लाकडी जपमाळ घेऊन.
त्यांची तक्रार रोजची:
"चौथ्या मण्याला मन पळतं गं लुन्सा,
मरियेला हाक मारतो आणि डोळ्यांपुढं फुटबॉल."

चौथीत जोगिंदरसिंग, निवृत्त फौजदार. डोळे मिटलेले.
नाम चाललंय की झोप, कळत नाही.
एकदा विचारलं.
म्हणाले, मलाही नाही कळत.

मी काहीच करत नाही.
एका छपराखाली चाळीस दारं, नदीकाठी, तिथली मी.
बाप रानात निघण्याआधी पायरीवर उभा राहायचा,
पक्षी कुठल्या बाजूनं बोलतो ते ऐकत.
कधी अर्धा दिवस. आई चिडायची.
मी यंत्रांचे पिप ऐकते.
वारशात एवढंच आलं.

त्या शुक्रवारी वीज गेली.
जनरेटर खोकला आणि गप्प झाला.
सोबतची मुलगी जिन्यावरून खाली धावली.
तीन आणि चार नंबरची यंत्रं बॅटरीवर तगली,
एक आणि दोनच्या बॅटऱ्या कधीच मेलेल्या,
तीन अर्ज केलेत, तिन्ही कुणाच्या तरी खणात आहेत.

यंत्राला एक मूठ असते, घडीची.
ती उघडायची, चाकात बसवायची, हातानं फिरवायची.
शिकवताना सांगतात:
बाणाच्या दिशेनं.
घाई केलीस तर बुडबुडा,
थांबलीस तर गुठळी.
बाकी काही सांगत नाहीत.

मी पाक हमदानचं चाक धरलं.
दुसरं?
मास्तर बघत होते. मोकळा हात, हाताशीच लिओंग बाईंचं यंत्र.
माळ मांडीवरून घसरली, खुर्चीखाली गेली.
त्यांनी मूठ धरली.

अंधारात दोन चाकं.
"किती झाले?" मास्तरांनी सवयीनं विचारलं.
"मोजू नका," लिओंग बाई म्हणाल्या, "फिरवा."
मग त्या आपलं नाव घेऊ लागल्या
आणि मास्तरांचा हात त्या नावाच्या चालीवर पडला.
हमदानचा अंगठा पेरांवर,
माझा खांदा त्या अंगठ्यामागून.
माझ्या मनात काय होतं?
बुडबुडा. गुठळी. बुडबुडा. गुठळी.
नंतर तेही नव्हतं.
नळीतलं लाल ऊबदार सरकणं होतं.

एकवीस मिनिटं, असं नंतर नोंदवहीत लिहिलं.

दिवे आले तेव्हा सगळ्यांनाच थोडी लाज वाटली.
मी माळ उचलली, स्पिरिटनं पुसून दिली.
मास्तर कितव्या मण्यावर होते ते आठवेनात,
माळ तशीच मुठीत धरून बसले, घामेजलेले.
लिओंग बाईंनी विचारलं, जेवलीस का.
जोगिंदरसिंगांनी डोळे उघडले:
"वीज गेली होती काय?"

रात्री खांदा ठणकला.
भिंतीकडं तोंड करून पडले,
तर पांघरुणात हात आपला गोल फिरतोय,
बाणाच्या दिशेनं.
कान दिला.
पक्षी कुठल्याच बाजूनं बोलला नाही.