इमानाचा माळ

गट नंबर दोनशे अकरा.
एकशे सेहेचाळीस एकर, पोटखराबा धरून.
कब्जेदार: लष्कर.
आणि समासात जांभळ्या शाईनं, तिरक्या अक्षरात,
‘लढाई सरेपर्यंत’.

मी या सजाची तलाठी.
लढाई सरली का, ते बघायला
जतच्या रस्त्यानं स्कूटीवर आले बोराळवाडीला.

धावपट्टी कुसळांतून वर येते
आणि ओढ्याच्या अलीकडे,
कुणाला काही न सांगता, थांबते.
तिच्यावर शाळूची कणसं वाळत टाकलीत.
दोन पोरं ट्रॅक्टर मागं घ्यायला शिकताहेत.

शेरडं हाकत आलेला तिम्माप्पा सांगतो,
“हितं इमान उतरायचं, बाई.
तीनदा उतरलं.
पयल्यांदा समदं गाव पळालं,
दुसऱ्यांदा समदं गाव आलं,
तिसऱ्यांदा कुणी मान वर केली न्हाई,
सुगी हुती.”

खाली मुरूम, वर खडी.
खडी वडारांच्या बायांनी फोडलेली,
बारा पाट्यांना एक आणा.
मुकादमाच्या वहीत यल्लव्वा आहे:
अंगठा, तारीख, चौदा पाट्या.
“त्याच रातीला बाळंत झाली,” तिम्माप्पा म्हणतो.
वहीत दुसऱ्या दिवशी सुट्टी नाही.
सहा पाट्या आहेत.

त्याच आठवड्यात खांबावरची पिशवी गेली,
वारा कुठला ते सांगणारी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची.
गोऱ्या साहेबानं पालं उलटली,
घोंगडी झटकली, चुलीतली राख काठीनं उकरली.
शेवटच्या पालात एक पोर झोपलेलं.
त्याच्या डोक्याला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कुंची.
साहेब बघत राहिला.
मग बाहेर येऊन म्हणे त्यानं लिहिलं,
वावटळीत उडाली.

तो कागद मला दप्तरात मिळाला नाही.
मिळाला तो लिलावाचा:
टाक्या नऊ, काटेरी तार, तंबू, एक मोडका पंप.
माळ त्या यादीत नव्हता.
एकोणतीस खातेदारांचे अर्ज आहेत,
त्यांच्यावर वाळवीनं काढलेले ओढे,
आणि पुढच्या पिढीचे अर्ज, आणि त्यांच्या झेरॉक्स.
“शबुद दिलता,” तिम्माप्पा म्हणतो,
“इमान गेलं, त्याच्या मागनं कोण आलं न्हाई.”
कुठलं इमान, मी विचारत नाही.

टेप सोडते. तो दुसरं टोक धरून चालत जातो
ऐंशीच्या घरातला माणूस, भेगा चुकवत,
पायांना पाठ असल्यासारखा.
टेप संपते, पट्टी संपत नाही.
खडूनं खूण करतो, पुन्हा सुरू.

मध्येच वारा उठतो, कणसांचा भुसा उडतो.
“मावळतीकडनं हाय,” तो लांबून ओरडतो
आणि टेप तशीच धरून
मोकळा हात टकलावर दाबतो,
काहीतरी उडून जाईल म्हणून.

मी वहीत आकडा लिहिते.
समास कोरा ठेवते.