पंपाची दोरी

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या डाइंगच्या मागं,
वेड्या बाभळीनं तिला असं कवळून धरलं होतं
की आधी कोयता लागला, पाने नंतर.
सत्तावन्न सालची फार्गो. बॉनेटखाली घोरपड.
भंगारवाला किलोचा भाव सांगत होता.
मैनोद्दीन नदाफ म्हणाला, "वजन कुणी विचारलं बे तुला?
किंमत सांग."
तिथंच आम्ही फसलो.

आम्ही म्हणजे नरसय्या गज्जम, चाळीस वर्षं मागांवर जॉबर,
मशीन आजारी पडायच्या आदल्या दिवशी ज्याला ऐकू यायचं;
मैनोद्दीन, ज्याचा आजा कापूस पिंजायचा
आणि हा पत्रा पिंजतो;
नरसय्याची लेक नागमणी,
वायरिंगचा नकाशा वाचता येणारी आमच्यात एकटीच;
आणि मी, वीज मंडळातला रिटायर कारकून.
पहिल्या रविवारी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला.
अजून तोच आहे.

होटगी रोडचं शेड मे महिन्यात तव्यासारखं.
पाना उचलायचा तर ओल्या फडक्यात.
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि चटणीला हमखास ग्रीसचा वास.

एका नटानं तीन रविवार खाल्ले.
रॉकेल पाजलं, गॅसनं तापवला,
तेलुगूत शिव्या दिल्या, कानडीत दिल्या,
मैनोद्दीननं ठेवणीतल्या काढल्या,
मी मराठीत समजूत घातली.
शेवटी नागमणी फोनवर बोलत
पान्यावर नुसती टेकली, तर कुरकुरत सुटला.
नरसय्या तो नट खिशात घालून घरी घेऊन गेला.

मी घासत होतो. वरून निळा, खाली पोपटी,
त्याखाली वाळलेल्या मिरचीचा लाल,
आणि डाव्या दारावर अर्धं नाव:
"…प्पा अँड सन्स, चादरवाले."
कोण अप्पा? इरप्पा, मल्लप्पा, सिद्रामप्पा?
सन्स कुठं गेले?
विचारायला गेलो तर सगळी गल्लीच निघाली असती.
तेवढी वीतभर जागा सोडून मी पुढं सरकलो.
बायको म्हणते, घरच्या खिडकीचे गज पण लालच झालेत हो.

मग हौदा उघडला. फळ्या कुजलेल्या,
पण फटीफटीत सूत. किरमिजी, हळदी, मोरपंखी,
गठ्ठ्यांतून निसटलेलं, धुळीनं थापलेलं,
साठ वर्षांचा प्रवास असा गोधडीसारखा बसलेला.
मी म्हणालो, कचरा.
नरसय्यानं मला असं बघितलं
की मी सुपली खाली ठेवली.
त्यानं ते घरी नेलं, धुतलं, उन्हात सुकवलं.
काय करणार, ते सांगितलं नाही.

पाण्याच्या पंपाची पॅकिंगदोरी कुठंच मिळेना.
पुण्याहून एक आली, ती जाडीला चुकली.
त्या रविवारी नरसय्यानं मांडी घातली,
मांडीवर सूत वळलं, तीन पदरी,
ग्रीसमध्ये बुडवून शाफ्टभोवती गुंडाळलं,
नट आवळला. तोच नट, खिशातला.
"राहील का रे?" मैनोद्दीननं विचारलं.
"मागावर राहिलं होतं," तो म्हणाला.

ब्रेक अजून नव्हते, म्हणून चाकांना दगड.
हँडलला नागमणी. बाप ओरडला,
"अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, नाहीतर मोडंल!"
पहिला फेरा, काही नाही.
पाचवा, एक ढेकर.
अकरावा, आणि शेड काळ्या धुरानं भरलं,
छपरावरची कबुतरं उडाली,
समोरचा चहावाला किटली घेऊन पळत आला,
आग लागली असं वाटून.

सगळे नाचत असताना नरसय्या
पंपाखाली ओणवा बसून होता.
दोरीतून पाणी गळत होतं.
टिप. टिप. टिप.
मी वाकून म्हणालो, गेलं की वाया.
त्यानं हात वर केला, गप्प.
सुताला पाणी पिऊ दे.

टिप.
बराच वेळ इंजिनच बोलत राहिलं.
टिप.
सूत आतल्या आत फुगत असावं.
आम्ही चौघं जमिनीवर गाल टेकून
पुढच्या थेंबाची वाट बघत होतो.
चहा निवत होता.