टेबलात नसलेला रकाना

हर्णैच्या सोसायटीत पंखा आहे, पण वीज
लिलाव संपला की जाते.
तोवर मी नौकांचं टेबल उघडून बसते:
नाव, नोंदणी क्रमांक, मालक, इंजिनाचं अश्वबल.
चारच रकाने. त्यापलीकडे होडीबद्दल
कोणत्याच फॉर्मला काही विचारायचं नसतं.

इक्बाल होडेकर, आमचे सेक्रेटरी, म्हणाले,
कार्डावर आणखी तीन गोष्टी दिसू देत:
हंगामातली एकूण मासळी,
डिझेलची बाकी,
आणि शेवटचं बंदराला लागून किती दिवस झाले.
"हे कुठे लिहून ठेवलंय?"
"लिहून कशाला ठेवायचं? कोणी विचारलं की काढायचं."

खरं होतं. मासळी पावत्यांवर सांडलेली,
बाकी पंपाच्या वहीत,
आणि दिवस तर कुठेच नाहीत,
ते रोज एकाने वाढतात, कोणी हात न लावता.
मग क्वेरी लिहिली. पावत्या जोडल्या,
बेरीज घेतली, भरलेले पैसे वजा केले,
आजच्या तारखेतून परतीची तारीख काढली.
पडद्यावर ओळी आल्या
पाटीत लावलेल्या बांगड्यांसारख्या,
डोकी एका बाजूला, आकडे एका बाजूला.

पण तेच मॉडेलकडे मागितलं तर काही नाही.
नौका माझ्यासमोर उभी,
नाव सांगते, मालक सांगते,
एकूण मासळी विचारली की तोंड फिरवते.
बेरीज दारापर्यंत आलेली,
आत तिच्या नावाचा पाटच मांडलेला नाही.

दोन दुपारी गेल्या यात.
शेवटी वर्गात एक ओळ वाढवली:
हे तुझं नव्हे, टेबलात शोधू नकोस,
जतन करताना मागे ठेव,
पण कोणी मोजून आणलं तर घे.
तरी येईना.
क्वेरीत मी म्हटलं होतं एकूण_मासळी,
मॉडेलमध्ये एकूणमासळी.
एका अंडरस्कोअरची खाडी मध्ये.

या गावात राहून हे आधी सुचायला हवं होतं.
मतदार यादीतल्या विठोबा कालेकराला
जेटीवर उभं राहून हाक मारा,
एक मान वळणार नाही.
ढोम्या म्हणा, हातातलं जाळं टाकून येईल.

तिसऱ्या दिवशी कार्डं भरली.
चंद्रभागा पावसे आल्या, अनुदानाचा कागद घेऊन.
त्यांची दर्याभवानी वाळूवर ओढलेली,
वर झावळ्या, झावळ्यांवर दगड.
त्यांच्या कार्डावर मासळीची जागा रिकामी येत होती,
दिसायला बरं नाही म्हणून
मी तिथे शून्य घातलेलं.
अक्षरं त्यांना लागत नाहीत, आकडे लागतात.
"शून्य काढ गो."
"का?"
"शून्य म्हंजे गेलो नि हात हलवत आलो.
आमी गेलोच नाय."

शून्य काढलं.
जोडायला एकही पावती नसेल
तर डेटाबेसही शून्य म्हणत नाही, गप्प राहतो.
त्याच्या तोंडी ते मी घातलं होतं.

खाली तिसरा आकडा होता,
त्याला मी बोट लावलं नव्हतं: सहाशे एक्केचाळीस.
त्या बघत राहिल्या. मी सांगू लागले
की हा कुठे साठवलेला नाही,
आत्ता विचारला म्हणून आला,
खिडकी मिटली की जाईल,
पुन्हा हवा तर पुन्हा मोजावा लागेल.
"मोजतोच की आमी घरात," त्या म्हणाल्या,
"बरोबर हाय तुजं."

बाहेर घंटा झाली, शेवटची पाटी उठली,
पंखा दोन फेरे फिरून थांबला.
काळ्या पडद्यात माझं तोंड.
त्या कागद घडी करून पायऱ्या उतरत होत्या.
खालूनच म्हणाल्या,
"उद्या येयन गो मी. बेचाळीस झाला का बघ."