तेरावा महिना

आमच्याकडे वर्षाला महिने तेरा.
शेवटचा पागुमे, जेमतेम पाच दिवसांचा,
त्याचा पगार कुणी देत नाही, भाडंही कुणी मागत नाही.
त्या फुकटच्या दिवसांत
मेकेलेच्या या तळघरात ट्रेमधून आली
लेतेब्रहानची मुलगी.

वजन सोळाशे वीस ग्रॅम.
भुवयांच्या वर काही नाही.
कवटी हवी तिथं सोललेल्या डाळिंबासारखं
लाल, ओलं, मऊ.
मानेखाली मात्र सगळं जिथल्या तिथं,
नखं तर कापायला आलेली.
मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसणाऱ्या ग्रंथी
बोराएवढ्या हव्या होत्या. मसुराएवढ्या निघाल्या.
वरून सांगणारंच कुणी नव्हतं,
वाढायचं कुणाच्या शब्दावर?
मी मोजते, लिहिते.
या वर्षातली एकतिसावी.
नावाचा रकाना कोरा. मुलींना नाव ऐंशीव्या दिवशी मिळतं,
चर्चमध्ये, पाण्यात बुडवून काढल्यावर.

नळीचं वरचं तोंड मिटतं पंचविसाव्या दिवशी,
खालचं त्यानंतर दोन-तीन दिवसांनी.
तोवर बाई म्हणत असते,
दगदगीनं पाळी पुढं गेली असेल.

दुपारी ती स्वतःच जिना उतरून आली, भिंत धरत.
मिठाच्या लाद्या उचलल्या मी, त्यानं?
नाही.
कुणाची नजर?
नाही गं.
मग मी तिला पिवळ्या गोळीचं सांगितलं,
पालेभाजीतल्या त्या जीवनसत्त्वाचं,
आणि ते दिवस राहण्याआधीच घ्यावं लागतं, हेही.
ती बराच वेळ गप्प.
म्हणाली, जी अजून नव्हतीच
तिच्यासाठी औषध कुणी घ्यायचं?

राजधानीत बैठका चालल्यात म्हणे,
ते मिठातच मिसळावं का यावर.
तिचा किदानू दनाकिलच्या खोलातून
उंटांवर तेच मीठ वर आणतो,
तिच्या तळव्यांना त्याच्याच भेगा.
कोण कुणाच्या मिठाला जागतं, बघू.

जाताना म्हणाली, दाखवा.
मी नेहमीप्रमाणे टोपी घातली होती,
आत कापूस भरून, गोल दिसेल अशी.
हे मला जुन्या अब्रेहेतनं शिकवलं,
पुस्तकात नाही.
लेतेब्रहाननं टोपी काढली.
पाहिलं. माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं.
मग पुन्हा घातली, कानांपर्यंत ओढली,
आणि माझ्याकडं वळून रागानंच म्हणाली,
किती गार आहे हो इथं.