कॉलम नंबर अकरा

तासगावात, कोल्ड स्टोरेजच्या मागच्या गल्लीत,
खताच्या दुकानावर एक खोली.
जिना इतका अरुंद की गंधकाचा वास
माझ्या आधी वर पोचला.
हातात जिल्ह्याच्या पाहणीचा फॉर्म,
पेनाला टोपण नाही.

धंदा?
तरन्नुम नदाफ स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाली,
"थांबा जरा. हिरवा शोधतेय."

हिरवे तीन होते तिच्यापुढं.
वेलीवरचा. जाळीवर आठ दिवस सुकल्याचा.
आणि दुबईच्या व्यापाऱ्याला वाटतो, तो.
तिसरा कुठंच पिकत नाही.

कर्मचारी: एक.
यंत्रसामग्री: कॉम्प्युटर, हप्ते चालू.
कच्चा माल?
तिनं बेदाण्याची ताटली सरकवली.
"सॅम्पल. निम्मं मीच खाते, ते लिहू नका."

कोपऱ्यात तिचे वडील, यासीनभाई.
चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्यांवर नावं काढली.
"ट्रॉली पालथी व्हायची, सायेब,
अक्षर नाय कलंडलं कधी."
आता हात थरथरतो, चहा बशीत सांडतो.
त्यांचा 'श्री' तिनं जुन्या फळकुटावरून स्कॅन केलाय;
तेवीस ब्रँडच्या डब्यांवर तोच श्री,
वेलांटी जरा मागं झुकलेली,
भरल्या ट्रॉलीला चढ लागावा तशी.

खाली सौद्यात दलाल सांगत होता:
माल तोच, शेड तेच, बाया त्याच निवडणाऱ्या.
डबा बदलला, किलोमागं अकरा रुपये चढले.
अकरा गुणिले किती टन?
मी फॉर्मच्या पाठीवर गुणाकार मांडला,
शून्यं कडेबाहेर गेली.
तिला एका डब्याचे आठशे.
दिवाळीला एक किलो फुकट,
तिच्याच डब्यातून.

सांगलीत, ऑफिसात,
कॉलम अकरा: उत्पादनाचे एकक.
नग, क्विंटल, लिटर.
रिकामं सोडलं की मशीन पुढं जाऊ देत नाही.
नग लिहिलं. खोडलं.
साहेब म्हणाले, टाका काहीही, उद्या पाठवायचंय.
'नग' टाकलं.

घरी आलो. बायको शर्टाचं बटण लावत होती.
बटणं बेदाण्याच्या जुन्या डब्यात.
तासगावचाच डबा, चार वर्षं आमच्या घरात,
मी कधी वाचला नव्हता.

झाकण उजेडात धरलं.
वेलांटी मागं झुकलेली.

"सुई दे," ती म्हणाली, "काय बघतोयस एवढं?"