एकेचाळीस नळ

पहिल्याच पानावर 'गडुवु'. म्हणजे शेवटची तारीख.
बावीस, दुपारी चार.
बाराव्या पानावर 'गडी',
आणि हा शब्द मला दरवेळी अडवतो.
त्यांच्यात गडी म्हणजे हद्द,
आमच्यात गडी म्हणजे कामाचा माणूस.
इथं वाढलो, दोन्ही कळतात.
टेंडराला दोन्ही लागतात:
आवार कुठवर, आणि झाडायला किती जण.

खानापूरला जागा बघायला गेलो.
तीन मजले, चौदा संडास, गच्चीवर दोन टाक्या.
मल्लव्वा बादली ठेवून म्हणाली,
"कागदात नळ किती लिवल्यात?"
अडतीस, म्हटलं.
"एकेचाळीस हाईत बगा.
जिन्याखाली दोन, गच्चीवर एक.
तिन्ही गळत्यात."
अकरा वर्षं ती तिथंच आहे.
ठेकेदार पाच झाले. मी सहावा झालो असतो.

खडेबाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस.
ताळेबंद तीन सालांचे, पीएफ, ईएसआय,
अनामतीला भिशीचे पैसे,
प्रत्येक पानावर शिक्का, तोही सरळ.
बा माझा चुना मारायची कामं घ्यायचा,
शाईत बुडवून अंगठा उठवायचा.
मी अंगठ्याएवढी किल्ली
कॉम्प्युटरच्या कुशीत खुपसतो.
सही होते. बोट कोरडंच राहतं.

पगाराला हात लावता येत नाही, तो सरकारनं ठरवलेला.
उरतं फिनेल, झाडू, आणि माझा टक्का.
हुबळीवाला टक्का जवळजवळ शून्य लिहिणार.
शून्यावर जगणारा माणूस काय खातो, मला ठाऊक आहे:
आधी फिनेल खातो,
मग हजेरीतला एक गडी.

"काका, कागदात अडतीस, तर अडतीसच धरा,"
भाची म्हणाली, बोटं कीबोर्डवर.
बरोबर होतं तिचं.
तरी मी एकेचाळीस धरले.
का, ते विचारू नका. फार विचार केला नव्हता.
जे मोजून आलो ते लिहिलं.

तीन एकावन्नला लाइट गेली.
इन्व्हर्टर खोकला, पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं,
खाली झेरॉक्सवाला कुणाला तरी शिव्या घालत होता.
तीन अठ्ठावन्नला हिरवी खूण आली, खाली लांबलचक नंबर.
भाचीनं तो वहीत दोनदा लिहिला.

निविदा उघडली. मी दुसरा.
फरक एकोणीसशे रुपयांचा, वर्षाला.
तीन नळांचे मी एकवीसशे साठ धरले होते.
वजाबाकी भाचीनं केली,
आणि चहा आणायला खाली गेली.

एक तारखेला मल्लव्वाचा फोन.
"नव्यानी निळा ड्रेस दिलाय. बाह्या लांब हाईत."
आणि नळ?
"सांगितलं की. कागदात न्हाईत म्हणत्यात.
चिंधी बांधलीया."

पुढच्या टेंडराचा गडुवु सोळा तारीख,
चिक्कोडीचं हॉस्टेल, कन्नडातली अठ्ठावीस पानं.
मधल्या रविवारी खानापूरची बस धरली,
खिशात तीन वायसर.
रविवारी मल्लव्वाकडं किल्ली असते.
जिन्याखालचे दोन बसले.
गच्चीवरच्याला माप वेगळं लागतंय.