हिरवी वायर

ऐरोलीत, एका जुन्या रो-हाउसच्या जिन्याखाली
पॅनल दर चाळीस सेकंदांनी टुक करत होतं.
"चार रात्री झाल्या," कुमुद खारकर म्हणाल्या,
"यापेक्षा चोर परवडला."

डबा उघडला.
बारा व्होल्टची बॅटरी, पोट फुगलेली,
टोकांवर पांढरी बुरशी,
पाठीवर मार्करने तारीख, सहा वर्षांपूर्वीची,
माझ्यासारख्याच कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात.
लाइट होती तोवर भागत होतं,
ट्रान्सफॉर्मर तिला कडेवर घेऊन फिरवत होता.
मेन पाडला आणि मीटर धरला:
अकरा. दहा. साडेआठ.
मग पॅनलने डोळे मिटले.

मेन परत वर केला. विचारलं,
"डब्याला हात लागला की मुंग्या येतात का हो?"
"येतात की. मला वाटलं, शुगर."

मग मी हिरव्या वायरच्या मागे लागलो.
पॅनलमधून निघते, पट्टीतून उतरते,
चपलांच्या कपाटामागे भिंतीत शिरते.
मेन पुन्हा खाली. वायर ओढली.
आली.
हातभर हिरवी वायर, टोकाला सिमेंटचा खडा.
घर बांधल्यापासून प्लास्टरमध्ये दोन बोटं आत जाऊन
तिथेच थांबलेली.

त्या खुर्चीत बसल्या.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई.
"बॅटरी-रूम माझ्याकडे होती," म्हणाल्या.
"चोवीस सेल, कमरेएवढे.
ॲसिडने पदराला बारीक बारीक भोकं पडायची.
अख्खं गाव अंधारात असू दे, रिसीव्हर उचलला की टोन हजर.
आणि धन टोक जमिनीला.
सकाळी चहाच्या आधी अर्थ तपासायची मी."
मग त्या तुकड्याकडे बघत, हळू:
"घरी नुसता रंग बघितला."

अंगणात अनंताशेजारी खणायला घेतलं.
कुंपणावरून हसुराम मढवी, बनियनवर:
"तीन हात खन, पानी लागंल. खारा.
हितं आमचा खाजन व्हता.
मीठ नको आनू इकत, हाय तिथंच."
खरं होतं. माती ओली, काळी,
फावड्याला चिकटून खाडीचा वास घेऊन वर आली.
अशी जमीन वीज पटकन पोटात घेते
आणि लोखंडही खाते,
म्हणून मी तांब्याचा दांडा घातला.
मढवी म्हणाले, "बापाचा बांध असंल त्या दांड्याखाली."
यावर कुणी काही बोललं नाही.

जोडलं. नवी बॅटरी. मेन वर.
डब्यावर त्यांनी आधी बोट ठेवलं, मग तळवा.
"शुगर उतरली," म्हणाल्या.

शेवटची परीक्षा: अर्धा तास बॅटरीवर.
पुन्हा मेन खाली. पंखा फिरत फिरत थांबला,
फ्रिजने एकदा अंग झटकलं.
आम्ही तिघं जिन्यापाशी बसून राहिलो.
पॅनलवर एक हिरवा ठिपका.
खारकर बाईंची मान जराशी कलली होती डावीकडे,
कानाशी काहीतरी धरल्यासारखी.
बारा पॉइंट सहा. मी आकडे सांगत गेलो,
त्या नुसतं "हं" म्हणत गेल्या.

निघताना सांगितलं,
खड्ड्यात पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी.
"रोज घालीन," म्हणाल्या. "अनंताला घालतेच."

मेलेली बॅटरी स्कूटरवर पायांत ठेवून
कळव्याला आलो, टेकडीवर, आमच्या खोलीत.
जेवणाआधी बोर्ड खोलला, उगाचच.
दोन स्क्रू काळवंडलेले.
तिसरा नवाकोरा, पिवळाधमक,
कुणी कधी पिळलेलाच नाही.

फ्रिजसमोर लाकडी पाट आहे.
धाकटी उठली, पाटावर चढली,
मग दार उघडून पाण्याची बाटली काढली.
तिला हे कुणी शिकवल्याचं
मला आठवत नाही.